अमेरिकेत मोठी मोबाइल कंपनी सोडून स्वस्तातली सेवा घ्यावी का? नंबर जाणार नाही ना?

तुम्ही लिहिलंय की दोघांचं मिळून महिन्याला दीडशे डॉलरच्या आसपास बिल येतं, ऑफिसातले सगळे मिंट नाहीतर व्हिजिबल ही स्वस्तातली सेवा घे म्हणतात, पण रेंज जाईल आणि नंबर हातचा जाईल म्हणून धीर होत नाही. आम्हीही न्यू जर्सीत याच भीतीपायी चार वर्षं मुकाट पैसे भरले.

आधी रेंजचं. देशभर टॉवरचं मोठं जाळं असलेल्या कंपन्या इथे तीनच: व्हेरायझन, एटीअँडटी आणि टी-मोबाइल. चौथी स्प्रिंट २०२० मध्ये टी-मोबाइलमध्ये गेली. तुम्ही ऐकता त्या नव्या सेवा यांच्याच टॉवरवर चालतात. मिंट आणि गुगल फाय टी-मोबाइलवर, व्हिजिबल व्हेरायझनवर, क्रिकेट एटीअँडटीवर. त्यातही व्हिजिबल मुळात व्हेरायझनचीच, क्रिकेट एटीअँडटीची, आणि मिंटही मे २०२४ पासून टी-मोबाइलच्या घरात. दूध त्याच गोठ्यातलं, पिशवी वेगळी. त्यामुळे मी कुठली घेतली ते सांगून उपयोग नाही. तुमच्या बेसमेंटमध्ये कुठला टॉवर पोचतो ते शेजाऱ्याचा फोन पाच मिनिटं हातात घेऊन बघा.

फरक पडतो तो गर्दीत. टॉवरवर ताण आला की कंपनी आधी स्वतःच्या महागड्या प्लॅनवाल्यांना डेटा देते, आपण रांगेत मागे. घरी, ऑफिसात मला कधी जाणवलं नाही. दिवाळीच्या आदल्या शनिवारी ओक ट्री रोडवरच्या देशी बाजारात मात्र नकाशा उघडता उघडेना, आणि पार्किंग शोधत आम्ही तीन चकरा मारल्या. वर्षातून दोनदा एवढा त्रास मला चालतो. तुमचं काम फोनवरच अवलंबून असेल तर विचार करा. दुसरी गोष्ट, यातल्या बऱ्याच सेवांचं दुकान नसतं. अडलं तर चॅटवर बोलत बसायचं.

आता नंबर. भारतात आपण १९०० वर ‘पोर्ट’ असा मेसेज पाठवून कोड मिळवतो, तसंच इथे जुन्या कंपनीच्या ॲपमधून ट्रान्सफर पिन काढायचा. सोबत अकाउंट नंबर लागतो. मोबाइल नंबर बरोबर नेण्याची सोय इथे २००३ पासून आहे, म्हणजे आपल्याकडे देशभर सुरू झाली त्याच्या सात वर्षं आधीपासून. एकच पथ्य: जुनं कनेक्शन आधी स्वतः बंद करू नका. ते बंद झालं की नेण्यासाठी नंबरच उरत नाही. नंबर नव्या कंपनीकडे गेला की ते आपोआप बंद होतं.

माझं घोडं अडलं वेगळ्याच ठिकाणी. शनिवारी रात्री जेवणं आटोपून टेबलावर दोन्ही फोन घेऊन बसलो, पिन टाकला, आणि विनंती नामंजूर. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. तासाभराने ट्यूब पेटली: झिप कोड मी नव्या घराचा भरत होतो आणि जुन्या कंपनीकडे आमच्या आधीच्या अपार्टमेंटचाच होता. तो टाकल्यावर अर्ध्या तासात फोनवर नव्या सेवेचं नाव आलं. बँकेचा कोड यायचा असेल त्या दिवशी हा उद्योग करू नका.

बायकोचा नंबर मात्र त्या रात्री हललाच नाही. तिचा फोन हप्त्यावर घेतलेला. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे गेलात की खाली ‘कॅरिअर लॉक’ दिसेल, म्हणजे फोन एकाच कंपनीला बांधलेला आहे का ते. त्यापुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलेलं हवं. तिच्याकडे ‘सिम लॉक्ड’ होतं. हप्ते फेडून फोन मोकळा करता आला असता, पण ‘फोन फुकट’ या जाहिरातीतली सूट दर महिन्याच्या बिलातून थोडी थोडी वळती होत होती, आणि मधेच सोडलं तर उरलेली बुडणार होती. हिशेब मांडला आणि तिने सात महिने आणखी काढले. फुकटचा फोन म्हणजे नाकातली वेसण, हे मला तेव्हा कळलं.

आपल्या लोकांसाठी आणखी एक. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमची खाचच नाही. भारतातलं सिम इथल्या फोनमध्ये चालू ठेवायचं असेल तर ते ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच भरलेलं सिम) करून घ्यावं लागतं, आणि ते तिकडे असतानाच उरका. इथून करायला गेलात तर ओटीपी ज्या सिमवर येणार ते ड्रॉवरमध्ये. उलट बाजूने, पुण्याला जाताना इथल्या नंबरचं वायफाय कॉलिंग निघण्याआधी चालू करून गेलो होतो. घरच्या वायफायवर अमेरिकन बँकेचे कोड मला व्यवस्थित आले.

आईबाबा उन्हाळ्यात यायचे असतील तर त्यांनाही असलीच प्रीपेड सेवा घ्या. क्रेडिट हिस्टरी कोणी विचारत नाही, तीन महिन्यांचे पैसे भरले की झालं. आमचे बाबा तरी आठवडाभर विचारत होते की रिचार्ज कुठल्या दुकानात करायचा.

तेव्हा आज आधी दोन्ही फोनचं कॅरिअर लॉक बघा आणि काय दिसतं ते कळवा. हप्ते चालू असतील तर किती उरलेत तेही लिहा, मग कधी हलायचं ते सांगतो.