पानाला चावा, निरोप साऱ्या झाडाला

प्रश्न : माझ्या टोमॅटोच्या रोपाचे खालचे एक पान अळीने अर्धे खाल्ले. अळी मी काढून टाकली. पण झाडाला ना मेंदू, ना मज्जातंतू. आपल्याला कोणी खात आहे हे त्याला कळते का? आणि कळले तरी जागचे न हलता ते काय करणार?

उत्तर : कळते, आणि फक्त चावलेल्या पानालाच नव्हे. ज्या वरच्या पानांना अळीचे तोंडही लागलेले नाही, तीसुद्धा एव्हाना तयारीला लागली असणार.

1972 मध्ये ग्रीन आणि क्लॅरेन्स रायन या संशोधकांनी हे टोमॅटो आणि बटाट्याच्या रोपांवर दाखवून दिले. भुंगेऱ्यांनी एक पान कुरतडले, की काही तासांत इतर पानांतही एक खास प्रथिन साठू लागे. ते किड्याच्या पोटातली, प्रथिने पचवणारी विकरे अडवून धरते. अळी खाते, तिचे पोट भरते, पण खाल्लेले अंगी लागत नाही आणि वाढ खुंटते. मला ही युक्ती जालीम विषापेक्षाही मोठी वाटते. खुरटलेली अळी जास्त काळ पानावर राहते, म्हणजे तिला टिपणाऱ्या पक्ष्यांना आणि किड्यांनाही तेवढा जास्त अवधी मिळतो.

मज्जातंतूंशिवाय निरोप पोचतो कसा? जखमी पेशींतून ग्लुटामेट हे द्रव्य सांडते आणि त्याने कॅल्शियमची एक लाट उठते. कॅल्शियम वाढले की चमकणारी रोपे तयार करून 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी ती लाट प्रत्यक्ष पाहिली. काही मिनिटांत ती दूरच्या पानांपर्यंत गेली. मग जस्मोनिक आम्ल हे संप्रेरक तयार होते आणि पुढची कामे त्याच्या हुकमाने चालतात.

त्याहून नवल म्हणजे, पान कात्रीने कापले की अळीने खाल्ले, हा फरकही झाडाला समजतो. अळीच्या तोंडातून येणारा स्राव मक्याच्या जखमेला लागला, की मका एक विशिष्ट गंध सोडू लागतो. त्या गंधामागे बारीक परजीवी गांधीलमाश्या येतात आणि अळीच्या अंगात अंडी घालतात. अंड्यांतून निघालेली पिल्ले अळीला आतून खातात. नुसत्या कात्रीच्या जखमेने असा गंध फारसा सुटत नाही.

मग ही तयारी झाड कायमच का ठेवत नाही? कारण ती महाग पडते. प्रथिने बनवायला लागणारे नत्र वाढीतून, फळांतून वजा होते. काही बंदोबस्त मात्र बारमाही असतो. टोमॅटोच्या खोडावरून बोट फिरवून पाहा : उग्र वास येईल, पिवळट हिरवा डाग पडेल. तो खोडावरच्या ग्रंथीयुक्त केसांतला चिकट रस. बारीक किडे त्यात अडकतात. वनस्पतिशास्त्र शिकवताना मी मुलांच्या हाती भिंग देऊन सर्वांत आधी हे केस बघायला लावत असे, कारण एकदा ते दिसले की झाड नुसते उभे आहे असे कुणी म्हणत नाही.

तरी रोपावर सगळे सोपवू नका. काही अळ्या त्या प्रथिनाला न जुमानणारी वेगळी विकरे पोटात तयार करतात. पानांच्या खालच्या बाजूला अंडी आहेत का ते बघत राहा. अर्धे खाल्लेले पान मात्र तोडू नका. उरलेला हिरवा भाग अजून अन्न बनवतो आहे.

प्रश्न : एक झाड शेजारच्या झाडाला सावध करते, हे खरे का?

उत्तर : शेजाऱ्याला सुगावा लागतो, हे नक्की. 1990 मध्ये फार्मर आणि रायन यांनी सेजब्रश या झुडपाच्या फांद्या आणि टोमॅटोची रोपे एकाच बंद भांड्यात ठेवली. फांद्यांतून हवेत उडणाऱ्या मिथाइल जस्मोनेटमुळे (हे जस्मोनिक आम्लाचेच एक रूप) टोमॅटोने तेच पचनरोधक प्रथिन तयार केले, कोणीही न चावता. पण सेजब्रशने हे टोमॅटोसाठी केले असे मी म्हणणार नाही. त्याच्या स्वतःच्या एका फांदीचा निरोप दुसऱ्या फांदीला हवेतूनच मिळतो, असे पुढच्या प्रयोगांत दिसले आहे. शेजारच्याला तो आयता मिळतो, इतकेच.