फार्माकॉलॉजीची औषधं पाठच राहत नाहीत, व्हायवात नेमकं काय बघतात?

सेकंड एमबीबीएसला आहात, नावं चार दिवसांत विसरता आणि परीक्षक नेमकं काय बघतात, असं विचारलंत. विसरता यात विशेष काही नाही. बडोद्यात मी बरीच वर्षं हाच विषय शिकवला, तरी क्विनोलोन या अँटिबायोटिक गटाच्या सगळ्या पिढ्या आज ओळीने म्हणायला सांगितल्या तर मीही अडखळेन.

आमच्या वेळी प्रॅक्टिकल म्हणजे बेडकाचं हृदय. फिरत्या ड्रमवर काजळी धरलेला कागद, त्यावर सुईची रेघ. मग तो वार्निशमध्ये बुडवून वाळत घालायचा. घरी पोचेपर्यंत नाक काळं. आता ते सगळं कॉम्प्युटरवर गेलं, बेडूक सुटले. 2019 च्या नव्या अभ्यासक्रमाने 'विद्यार्थ्याला काय करता येतं' यावर भर दिला, म्हणून तुमच्या वाट्याला ऑस्पी, म्हणजे टेबलाटेबलावरची प्रात्यक्षिक परीक्षा, आली: घंटा वाजली की पुढचं टेबल.

एक टेबल सांगते. मूल 12 किलोचं, ताप, पॅरासिटामॉल किलोला 15 मिलिग्रॅम. बाटलीवर '5 मिलीत 120 मिलिग्रॅम'. म्हणजे 180 मिलिग्रॅम, साडेसात मिली. हे बहुतेकांना येतं. पुढच्या टेबलावर मूल तेच, पण बाटली '5 मिलीत 250' ची. उत्तर 3.6 मिली. व्हायवात धडाधड वर्गीकरण म्हणणारी मुलं इथेही साडेसात लिहून मोकळी होतात, कारण लेबल वाचलेलंच नसतं. मूल घरचं असतं तर जवळपास दुप्पट डोस गेला असता!

दुसरं टेबल इनहेलरचं. पेशंट म्हणून आमचे लॅबमधले काका बसायचे. एक मुलगा, दांडिया बाजारातला, घरी मराठी, गल्लीत फर्डी गुजराती. पण परीक्षा म्हटल्यावर इंग्रजीतच सुरू झाला. काका म्हणाले, "बेटा, गुजरातीमां बोल ने." मग मात्र त्याने छान समजावलं: आधी हलवा, श्वास पूर्ण सोडा, हळू ओढताना दाबा, दहा सेकंद रोखा. फक्त इनहेलर स्टेरॉइडचा होता आणि 'नंतर चूळ भरा' राहून गेलं. चूळ भरली नाही की तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात. ते मार्क गेले.

आता पाठांतराचं. घरी आजी-आजोबा असतील तर त्यांचा गोळ्यांचा डबा उघडा. माझ्या मते कुठल्याही नोट्सपेक्षा तो बरा. आजीचं रक्तदाबाचं एनालाप्रिल कोरड्या खोकल्यामुळे बदलून टेल्मिसार्टन दिलं असेल, तर ते का, हे शोधा. एनालाप्रिल ज्याला अडवतं ते एसीई हे एन्झाइम ब्रॅडिकायनिनही मोडतं. ते अडवलं की ब्रॅडिकायनिन साचतं आणि खोकला येतो. सार्टन गट एसीईला हातच लावत नाही, तो रक्तदाब वाढवणाऱ्या अँजिओटेन्सिनला पुढे रिसेप्टरवर अडवतो. झाली की दोन गटांची ओळख, आणि 'प्रिल' नि 'सार्टन' ही शेपटंही. अॅम्लोडिपिनने पाय सुजले, मेटफॉर्मिन जेवणासोबत का, पँटोप्राझोल जेवणाआधी अर्धा तास का, हे आजीला मराठीत सांगून बघा. आजी मध्येच "मग चहा प्यायला तर?" विचारेल. तिच्या लोहाच्या गोळीला तो प्रश्न अगदी लागू आहे, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. थायरॉइडची गोळी असेल तर तीही चहासोबत नको. परीक्षकाला हेच हवं असतं: कारण सांगता येतं का, आणि अडलात तर थाप मारता की "आठवत नाही, सर" म्हणता. मी थापेचे मार्क कापायचे, न आठवण्याचे क्वचितच.

घोकायचेच तर मोजके आणीबाणीचे डोस घोका. अॅनाफायलॅक्सिसमध्ये, म्हणजे जीवघेण्या अॅलर्जीत, मोठ्या माणसाला अॅड्रिनलीन 0.5 मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. अँप्यूलवर '1:1000' (1000 मिलीत 1 ग्रॅम) असेल तर ते किती मिली, हे आत्ता कागद न घेता सांगा बघू.