शेजारच्या ज्यू घरातून काय घ्यायचं

न्यू जर्सीहून एका ताईंनी विचारलंय, शेजारी ज्यू कुटुंब आहे, त्यांची मुलं जेवण झाल्यावर सुद्धा बसून प्रार्थना म्हणतात आणि आमची शेवटचा घास तोंडात असतानाच आयपॅडकडे पळतात, तर अशी सवय कशी लावायची?

ताई, आधी एक सांगते, ही माणसं आपल्याला परकी नाहीत. अलिबागकडचे बेने इस्रायली ज्यू पिढ्यानपिढ्या मराठीच बोलत आलेत, तेलाचे घाणे चालवायचे पण शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना शनिवार तेलीच म्हणायचे. नवस फेडायचा असो, लग्न असो, ते मलिदा करतात, गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, एलियाहू नबीचं, म्हणजे त्यांच्या प्रेषिताचं, नाव घेऊन देवाचे आभार मानायचे आणि मग सगळ्यांनी मिळून खायचं. इस्रायलला गेले तरी अजून करतात.

आता सवयीचं. त्यांच्याकडे आभार मूडवर सोडलेले नाहीत, वेळ ठरलेली असते. सकाळी डोळे उघडले की अंथरुणातच एक ओळ, आणि जेवणानंतरची प्रार्थना तर तोरातल्या, म्हणजे त्यांच्या मूळ धर्मग्रंथातल्या, आज्ञेवरून आलीये, पोटभर खाल्लंस की देवाचे आभार मान. भुकेल्या पोटी देव आठवतोच हो, पोट भरलं की विसरतो, मला हे फार पटतं. आपल्याकडे अन्नदाता सुखी भव आहेच की, ते परत सुरू करा आणि ज्याने स्वयंपाक केला त्याचं नाव घ्यायला लावा, बाबांनी केला असेल तर बाबांचं.

मुलांना मोशेची गोष्ट पण सांगा, ज्यूंना इजिप्तच्या गुलामीतून सोडवणारा तो. इजिप्तच्या राजाला शिक्षा म्हणून नाईलच्या पाण्याचं रक्त करायचं होतं तेव्हा काठी मोशेने नाही मारली, त्याच्या भावाने, अहरोनाने मारली. का, तर तान्हा असताना मोशेला टोपलीत घालून त्याच नदीत ठेवलेलं, नदीने सांभाळलं, मग तिच्यावर हात कसा उगारायचा, असं रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, सांगतात. नदीला काय कळणार होतं, पण मोशेला कळत होतं ना.

आणि मुलं आपल्याकडे बघून शिकतात. क्लीनिंगला येणाऱ्या बाईंना "पुढच्या वेळी एकत्र देते" म्हणणं बंद करा प्लीज, तोरातल्या अनुवाद (Deuteronomy) नावाच्या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात स्पष्ट आहे, मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, कारण तो गरीब असतो आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. फोन हातातच असतो, त्या दारातून बाहेर पडायच्या आत झेल (Zelle) ॲपवरून पैसे पाठवून टाका. तसंच दुकानात जाऊन पाच जोड बूट घालून बघायचे, त्या पोराला आत-बाहेर पळवायचं आणि मागवायचे ऑनलाईन, हे पण नको. घ्यायचं नसेल तर भाव विचारू नये असं मिश्नात आहे, आणि मिश्ना म्हणजे रब्बींच्या नियमांचा संग्रह, साधारण इसवी सन 200 च्या आसपास संकलित झालेला. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, तर असंही आहे की समोरचा येणार नाही हे माहिती असताना त्याला जेवायला यायचा नुसता आग्रह करू नये, आपल्या "या ना एकदा घरी"वाल्यांनी हे जरूर मनावर घ्यावं.

एक राहिलं. पाहुण्यांसमोर "थँक यू म्हण, म्हण की, किती वेळा सांगायचं" असं करू नका, चारचौघात कोणाला लाजवणं तालमूदने रक्त सांडण्यासारखं मानलंय, आणि मूल पण त्या कोणात येतंच. पाहुणे गेल्यावर शांतपणे सांगा, दुसऱ्या दिवशी त्याच्या हाताने काकूंना मेसेज करायला लावा.