खराब सेक्टर नेमका कुणाच्या वाट्याला आला?

प्रश्न : नमस्कार सर. माझी ५०० जीबीची जुनी एक्सटर्नल डिस्क आहे, लिनक्सवर वापरतो, एकच पार्टिशन, ईएक्सटी४ (लिनक्सची फाईल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडून ठेवायची पद्धत). गेल्या आठवड्यात फोटोंचा बॅकअप घेताना फाईल मॅनेजर मधेच लटकला, फाईलचं नावबिव काही सांगितलं नाही, नुसतं डीमेसेजमधे (कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, संदेशांच्या यादीत) 'आय/ओ एरर, डेव एसडीबी, सेक्टर २४५९६४८' दिसलं. कुठला फोटो गेला ते शोधायला डीबगएफएस (फाईल सिस्टिमच्या आत डोकावायची कमांड) चालवलं. डिस्कचा सेक्टर ५१२ बाइटचा आणि फाईल सिस्टिमचा ब्लॉक ४०९६ चा म्हणून ८ ने भागलं, ३०७४५६ आलं. आयचेक केलं तर आयनोड (फाईलची आतली नोंद) ७३७४२, एनचेक केलं तर 'आजी' फोल्डरमधला एक फोटो. पण तो फोटो मस्त उघडतोय! मग कमांड खोटं सांगते का? आणि हे चालवून डिस्कला अजून काही होणार नाही ना, हे फोटो परत मिळणारे नाहीत. (एक वाचक, सांगली)

उत्तर : कमांड खरंच बोलतेय हो, तुम्ही तिला शेजारच्या घराचा पत्ता दिलात. भागाकार बरोबर आहे पण त्याच्या आधी एक वजाबाकी राहिली. कर्नेल 'एसडीबी' म्हणतो तेव्हा तो सेक्टर अख्ख्या डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून मोजतो, आणि डीबगएफएसला तुम्ही दिलंय एसडीबी१, म्हणजे पार्टिशन, तिचा शून्य पार्टिशनच्या सुरुवातीला. एफडिस्क -एल केलंत की 'स्टार्ट'च्या कॉलममधे बहुतेक २०४८ दिसेल, हल्ली सगळीकडे तेच असतं. मग २४५९६४८ वजा २०४८ म्हणजे २४५७६००, भागिले ८, ब्लॉक ३०७२००. तुमचा आकडा बरोब्बर २५६ ब्लॉक पुढे होता, म्हणजे एक एमबी, आणि कॅमेऱ्यातून ओळीने कॉपी केलेल्या फोटोंमधे एक एमबी पुढे म्हणजे पुढचा फोटो, म्हणूनच तो इतका छान उघडतोय.

आता सातबाऱ्यासारखं चालायचं. गट नंबर माहितीये, मालक माहीत नाही. डीबगएफएस /डेव/एसडीबी१ असं उघडा (कमांड इथे मासिकाच्या लिपीत देतोय, टाइप करताना अर्थातच रोमन छोटी अक्षरं), आत आयचेक ३०७२०० म्हणा, हे ब्लॉकवरून आयनोड सांगतं, म्हणजे खाते क्रमांक, आणि मग एनचेक त्या आयनोडचं नाव सांगतं. आयचेकला वेळ लागतो, कारण ब्लॉकवर मालकाचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं, उलट प्रत्येक आयनोडकडे आपापल्या ब्लॉकची यादी असते, त्यामुळे बिचारं सगळी खाती उघडून बघतं. चहा ठेवा तोवर. माझ्या अंदाजाने ७३७४१ येईल, तुमच्या ७३७४२ च्या आधीचा.

मालक सापडला की स्टॅट <७३७४१> करा, कंसाच्या टोकदार खुणांसकट, नाहीतर ते ७३७४१ नावाची फाईल शोधत बसतं. खाली एक्स्टेंट्समधे समजा (०-८९९):३०६५००-३०७३९९ असं आलं, तर अर्थ असा की फाईलचे ९०० ब्लॉक डिस्कवर ३०६५०० पासून सलग बसलेत. तुमचा ३०७२०० त्यातला ७०० वा, शून्यापासून मोजून. म्हणजे साधारण पाऊण फोटोच्या जरा खाली. जेपीजी असेल तर तिथपर्यंतचं चित्र ठीक आणि पुढचं करडं किंवा रंग सरकलेलं, असं काहीतरी मिळेल. आजींचा चेहरा वरच्या भागात असू दे एवढंच म्हणतो.

आयचेक 'ब्लॉक नॉट फाउंड' म्हणालं तर लगेच नाचू नका. टेस्टबी ३०७२०० करा. 'नॉट इन यूज' आलं तर खरंच रिकामी जागा, सुटलात. पण 'मार्क्ड इन यूज' आलं आणि मालक मात्र नाही, तर तो ब्लॉक फाईल सिस्टिमच्या स्वतःच्या कामाचा आहे, बिटमॅप (कुठली जागा भरलेली, कुठली रिकामी याची नोंद) किंवा आयनोड टेबल, आणि आयनोड टेबलचा ४०९६ बाइटचा एक ब्लॉक म्हणजे २५६ बाइटचे १६ आयनोड, हे एका फोटोपेक्षा वाईट. आयनोड ८ आला तर ते जर्नल, म्हणजे बदल करण्याआधी ते टिपून ठेवायची फाईल सिस्टिमची वही.

डीमेसेजमधे कधी दुसरी ओळ पण असते, 'बफर आय/ओ एरर ऑन डेव एसडीबी१, लॉजिकल ब्लॉक' अशी. तिथे एसडीबी१ आहे ते बघितलंत? तो आकडा पार्टिशनपासूनचा आणि ब्लॉकमधला, त्यातून २०४८ वजा करू नका आणि ८ ने भागूही नका. निम्मे लोक इथेच पडतात, मीही पडलोय, एकदा रात्री दीडपर्यंत भलत्याच फाईलला शिव्या देत बसलो होतो.

डिस्कला काही होईल का. डीबगएफएस मुळात रीड-ओन्ली उघडतं, -डब्ल्यू दिल्याशिवाय काही लिहीत नाही, आणि ते अक्षर तुम्ही द्यायचं नाही. पण लिहिलं नाही तरी वाचण्याचाही त्रास असतो, मरायला टेकलेल्या डिस्कवर आयचेक म्हणजे दम्याच्या माणसाला सिंहगड चढायला लावणं. म्हणून आधी अनमाउंट करा, मग जीएनयू डीडीरेस्क्यूने एसडीबी१ ची इमेज दुसऱ्या डिस्कवर घ्या, मॅपफाईल दिलीत तर मधे थांबवून परत तिथूनच चालू करता येतं, आणि मग सगळं वरचं त्या इमेजवर खुशाल करा, आकडे तेच राहतात. हा क्रम उलटा सांगतोय खरा, प्रत्यक्ष करताना आधी हा परिच्छेद करा. आणि पुढच्या वेळी कॉपी टर्मिनलमधून सीपीने केलीत तर 'एरर रीडिंग' म्हणून फाईलचं नाव ते स्वतःच छापतं, हा सगळा उपद्व्याप लागत नाही. पण मग आपण काही शिकलो नसतो!

एक सूचना, नेटवर डीबगएफएस शोधलंत की अर्धी उत्तरं कर्नेलच्या डीबगएफएसची येतील, ते /सिस/कर्नेल/डीबगवर माउंट होतं, त्याचा आणि ह्याचा नावापलीकडे संबंध नाही. आपलं ई२एफएसप्रॉग्ज पॅकेजमधलं, ईएक्सटी २, ३, ४ साठीचं. डिस्क एक्सएफएस असेल तर एक्सएफएस_डीबी, ते वेगळंच प्रकरण.

प्रश्न : सुपरब्लॉक (फाईल सिस्टिमची मुख्य माहिती असलेला भाग) स्वतः डोळ्यांनी बघायचा म्हणून पेनड्राइव्हवर प्रयत्न केला. पुस्तकात ईएक्सटीची खूण ईएफ५३ लिहिलीये. हेक्सडंपमधे (कच्चे बाइट सोळाच्या, म्हणजे हेक्स, पद्धतीत दाखवणारी कमांड) मला ईएफ५३ दिसलं, मित्राला हेक्सडंप -सी मधे ५३ ईएफ दिसलं. पेनड्राइव्ह तोच. कोण बरोबर? (इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : डिस्कवर खरोखर ५३ आधी आणि ईएफ नंतर आहे, मित्र जिंकला. सुपरब्लॉक पार्टिशनच्या १०२४ व्या बाइटपासून सुरू होतो, म्हणून डीडीला बीएस=१०२४, स्किप=१, काउंट=१ द्यायचं आणि ते एक्सएक्सडीला पाइप करायचं. ३० ने सुरू होणारी ओळ, म्हणजे हेक्समधलं ३०, त्यात नववा बाइट ५३, दहावा ईएफ. संख्या मात्र ईएफ५३ च, कारण इथे लहान बाजू आधी लिहायची पद्धत आहे. आपल्याला यात नवल वाटायला नको, आपण त्रेपन्न म्हणतो म्हणजे तीन आधी आणि पन्नास नंतर, लिहितो मात्र ५३. २०१९ मधे बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक' आणलं तेव्हा केवढा धुरळा उडाला होता, तोच वाद प्रोसेसरवाले कधीपासून घालतायत. नुसतं हेक्सडंप दोन-दोन बाइट उचलतं आणि आपल्या मशीनच्या पद्धतीने संख्या बनवून दाखवतं, म्हणून उलटं दिसतं. कच्चे बाइट बघायचे तर -सी लावा किंवा एक्सएक्सडी वापरा, नुसतं हेक्सडंप मी तरी वापरतच नाही.

आणि डीडीमधे आयएफ म्हणजे कुठून, ओएफ म्हणजे कुठे, हे तळहातावर लिहून ठेवा. स्किप वाचताना, सीक लिहिताना. पेनड्राइव्हवर शिकताय हे उत्तम.

प्रश्न : बाबांच्या जुन्या विंडोज कॉम्प्युटरवर त्यांच्या लेखांच्या फाईल आहेत, नावं मराठीत आणि लांबलचक, अख्खं शीर्षकच नावात. लिनक्सवर कॉपी करताना काही फाईलना 'फाईल नेम टू लाँग' येतं. मोजली तर शंभर-सव्वाशे अक्षरंच आहेत, मर्यादा २५५ ची ना? (एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : २५५ खरे, पण ईएक्सटी४ मधे ते बाइट आहेत आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मधे (लिनक्सवर अक्षरं बाइटमधे साठवायची नेहमीची पद्धत) तीन बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हं झाली की संपलं. त्यात काना, वेलांटी, हलंत सगळे वेगळे मोजायचे, 'श्री' दिसायला एक पण आत श, हलंत, र आणि वेलांटी, म्हणजे चार चिन्हं, बारा बाइट. विंडोजचं एनटीएफएस १६ बिटांची २५५ एककं मोजतं, देवनागरीला एका चिन्हाला एकच लागतं, म्हणून तिथे ती नावं आरामात बसली.

वर सांगलीकरांचं 'आजी' फोल्डर आहे ना, तेच धरू. रूट डिरेक्टरीचा ब्लॉक डीबगएफएसमधे बीडीने उघडला की तिची नोंद साधारण अशी दिसेल: ०२ २० ०१ ०० १४ ०० ०९ ०२ ई० ए४ ८६ ई० ए४ ९सी ई० ए५ ८०. पहिले चार बाइट आयनोड, उलटे वाचा, ७३७३०. मग १४ ००, हेक्समधलं १४ म्हणजे आपले २०, या नोंदीची एकूण लांबी. मग ०९ म्हणजे नाव नऊ बाइटचं, ०२ म्हणजे डिरेक्टरी. पुढे आ, ज आणि ज ची वेलांटी, तीन-तीन बाइट. तो ०९ जिथे बसलाय ना तिथे एकच बाइट जागा आहे, आणि एका बाइटमधे २५५ च्या वर आकडा मावत नाही.

उजवीकडच्या कॉलममधे मराठी नावाच्या जागी नुसती टिंबं दिसतील, घाबरू नका, नाव शाबूत आहे, तो कॉलम फक्त इंग्रजी अक्षरं दाखवतो. डोळ्यांना ई० ए४ ची सवय झाली की मराठी मजकूर लांबूनच ओळखू येतो, आणि स्ट्रिंग्ज कमांडने मराठी शोधत असाल तर -ई एस (यातला एस कॅपिटल) लावल्याशिवाय ती तुमच्या बाबांची एक ओळही दाखवणार नाही. नावं मात्र विंडोजवरच छोटी करून घ्या, आणि मूळ शीर्षकं एका टेक्स्ट फाईलमधे लिहून ठेवा.

प्रश्न : चुकून आरएम केलेली (उडवलेली) फाईल डीबगएफएसमधल्या एलएसडेलने सापडते असं वाचलं, मला '० डिलीटेड आयनोड्स' येतं. (पुणे)

उत्तर : ते ईएक्सटी२ च्या काळातलं. ईएक्सटी३ पासून पुढे फाईल उडवताना आयनोडमधले ब्लॉकचे पत्तेही पुसले जातात, त्यामुळे एलएसडेलला दाखवायला काही उरत नाही. डिरेक्टरीत नाव मागे राहायचं, आधीची नोंद लांब होऊन तिला गिळून टाकायची एवढंच, पण कर्नेल ५.१३ पासून तेही पुसतात. पार्टिशन लगेच अनमाउंट करा, इमेज घ्या, आणि त्या इमेजवर एक्स्टअनडिलीट चालवून बघा, ते जर्नलमधल्या आयनोडच्या जुन्या प्रतींवरून शोधतं. त्याच डिस्कवर ते इन्स्टॉल करू नका म्हणजे झालं.