मुख्य फ्यूज बॅटरीजवळच हवा

फॉग लॅम्प, डॅशकॅम आणि टायर इन्फ्लेटरसाठी डॅशबोर्डखाली सहा फ्यूजचा जादा बॉक्स लावलात आणि 30 अँपिअरचा मुख्य फ्यूज त्याच्या शेजारीच बसवलात, असं तुम्ही लिहिलंय. बाकीचं नंतर. आधी तो फ्यूज तिथून हलवा. तोवर वायरचं बॅटरीकडचं टोक काढून त्या टोकाला टेप गुंडाळून ठेवा.

फ्यूज असतो वायरसाठी, आणि तोही फक्त त्याच्या पुढच्या वायरसाठी. तुमची बॅटरीपासून केबिनपर्यंतची सगळी वायर बिनफ्यूजची आहे. ती फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकातून येते. तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) नसेल तर इंजिनच्या थरथरीने पत्र्याची धार इन्सुलेशन कापत राहते. तांबं बॉडीला टेकलं की बॅटरी काहीशे अँपिअर ओतते, वायर पेट घेते आणि आतला फ्यूज मात्र शाबूत राहतो, कारण तो करंट त्याच्यातून गेलेलाच नसतो. फिटिंगवाल्यांना हे सांगायला जावं तर उत्तर ठरलेलं: "फ्यूज टाकलाय की!" आणि 15 चा फ्यूज उडाला की हेच लोक 30 चा घालून देतात. अशांच्या हाती गाडी पुन्हा देऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

मुख्य फ्यूज प्लस टर्मिनलपासून 15-20 सेंमीच्या आत, पाणी न शिरणाऱ्या होल्डरमध्ये लावा. तुमचा लोड बघा: 55 वॉटचे दोन दिवे म्हणजे साधारण 9 अँपिअर, इन्फ्लेटर 10-12, कॅमेरा जेमतेम 1. तेव्हा 30 चा मुख्य फ्यूज आणि 6 चौ. मिमी तांब्याची वायर पुरे. दिव्यांना 2.5 चौ. मिमी आणि 15 चा फ्यूज. लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) क्रिम्प करूनच, म्हणजे पक्कडीने दाबूनच लावा. नुसता सोल्डर मारला तर वायर थरथरीने त्याच्या कडेलाच तुटते.

इग्निशनवर चालणारा 40 अँपिअरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) मध्ये घ्या. त्याच्या पिनांवर नंबर असतात: 30 वर मुख्य फ्यूजकडून आलेली वायर, 87 वरून बॉक्स, 85 बॉडीला, 86 इग्निशनला. 86 साठी फ्यूज टॅप (गाडीच्या फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा अडॅप्टर) वापरणार असाल तर एअरबॅग, एबीएस आणि ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) फ्यूजना हात लावू नका. टॅप उलटाही बसतो, तिथेच गोची होते. मूळ फ्यूज काढून टेस्ट लॅम्पने स्लॉटची कोणती बाजू जिवंत आहे ते पाहा. टॅपमधल्या दोन्ही फ्यूजना जोडलेली पट्टी त्या बाजूला यायला हवी. उलट बसला तर जादा लोडही मूळ फ्यूजमधूनच जातो.

अर्थिंग रंग खरवडलेल्या पत्र्यावर, बोल्टने. निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा बॅटरी सेन्सर असेल तर थेट टर्मिनलला जोडू नका. तो करंट सेन्सरला दिसतच नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो.

हे सगळं साध्या 12 व्होल्टच्या पेट्रोल-डिझेल गाडीसाठी; हायब्रिड किंवा इलेक्ट्रिकला हे लावू नका. वॉरंटी चालू असेल तर आधी लेखी विचारून घ्या.

शेवटी सगळा लोड चालू करून मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं बॉक्सच्या प्लसला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर एखादा सांधा ढिला आहे. कोणता ते हाताने चाचपून पाहा, जपून, कारण तो गरम झालेला असतो.