वडिलांच्या रेकॉर्ड ऐकण्यासाठी ८५,००० रुपये खर्च करावेत का?

इंदूरच्या लोकमान्य नगरातील एका शिक्षिकेने विचारले आहे: वडिलांच्या संग्रहातील सुमारे १४० एलपी (जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्ड) आणि ७८ वेगाच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तीसेक तबकड्या माझ्याकडे आहेत. दुकानदाराने ५५,००० रुपयांचा टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र) आणि ३०,००० रुपयांचा अॅम्प्लिफायर सुचवला आहे. निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत, घरखर्च महिना ४५,००० आहे आणि अडीअडचणीसाठी ३ लाखांची मुदत ठेव आहे. ती मोडावी, की अठरा हप्त्यांत खरेदी करावी?

हा खर्च आपण अवश्य करावा, असे माझे मत आहे. मात्र हाच संच घेऊ नये आणि सुचवलेल्या दोन्ही मार्गांनी तर मुळीच घेऊ नये.

आधी पैशांचे पाहू. आपली ठेव आज जेमतेम साडेसहा महिन्यांचा घरखर्च भागवते. तीतून ८५,००० काढले तर पाच महिन्यांचाही उरणार नाही, शिवाय मुदतीपूर्वी ठेव मोडल्याबद्दल बँक व्याजात कपात करील ती वेगळीच. क्रेडिट कार्डावरील हप्त्यांचा दर वार्षिक १६ टक्के धरला, तर महिन्याला सुमारे ५,३४० रुपये भरावे लागतील आणि व्याज व त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून साधारण १३,००० रुपये जादा जातील. एवढ्या रकमेत सुया आणि रेकॉर्ड धुण्याचे साहित्य येते.

आता वस्तूकडे वळू, कारण खरी बचत तिथे आहे. आपण कळवलेल्या तपशिलानुसार हा टर्नटेबल ३३⅓ आणि ४५ या दोनच वेगांनी फिरतो, म्हणजे वडिलांच्या तीस तबकड्या त्यावर वाजणारच नाहीत. महाग टर्नटेबलमध्ये ७८ चा वेग असतोच असे नाही. त्या तबकड्यांची खाच रुंद असल्यामुळे त्यांना एलपीच्या सुईपेक्षा तीन ते चार पट रुंद टोकाची वेगळी सुई लागते; म्हणून तिन्ही वेग, सुटा होणारा हेडशेल (सुई बसवण्याचा दांड्याच्या टोकाचा भाग) आणि सुईचा दाब कमीजास्त करता येईल असे वजन, या तीन गोष्टी असलेले यंत्रच निवडावे. आपल्याच पत्रात ३५,००० रुपयांच्या अशा एका डायरेक्ट ड्राइव्ह (मोटरने थेट थाळी फिरवणाऱ्या) यंत्राचा उल्लेख आहे. मला तेच योग्य वाटते. वडिलांच्या जुन्या अॅम्प्लिफायरला ‘फोनो’ची, म्हणजे टर्नटेबल जोडण्याची, जोडणी आहे, असेही आपण लिहिता, तो सुस्थितीत असेल तर नव्या अॅम्प्लिफायरचे ३०,००० रुपये पूर्ण वाचतात.

आपल्या भावाने सुचवलेला पेटीवजा ८,००० रुपयांचा प्लेअर मात्र घेऊ नये. अशा यंत्रांत बहुधा सिरॅमिक प्रकारचे कार्ट्रिज (सुईच्या कंपनांचे विद्युत संकेत करणारा भाग) असते आणि त्याची सुई पाच-सहा ग्रॅम दाबाने खाचेवर चालते. चांगल्या मूव्हिंग मॅग्नेट (चुंबकावर चालणाऱ्या) कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आसपास दाब पुरतो. पुन्हा मिळणार नाहीत अशा रेकॉर्ड त्यावर झिजवणे हे मला कोणत्याही हिशेबात बसवता येत नाही. शिवाय आपल्या संग्रहात आपल्याच शहराचे ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेब यांच्या एलपी आहेत. तीन मिनिटांच्या तबकडीत न मावणारा त्यांचा अतिविलंबित (अत्यंत संथ लयीचा) ख्याल एलपीच्या वीस-बावीस मिनिटांत काहीसा फुलतो, आणि थाळीचा वेग किंचित जरी डळमळला तरी त्यातला ठेहरावाचा स्वर हलू लागतो. दर्जेदार यंत्रासाठी पैसे मोजायचे ते या स्थैर्यासाठी, बाह्य रूपासाठी नव्हे.

यंत्राचे ३५,००० आणि ७८ च्या सुईसह इतर साहित्याचे ७,००० असा ४२,००० रुपयांचा अंदाज धरून, महिना ६,००० रुपयांची सात महिन्यांची आवर्ती ठेव आजच सुरू करावी. सुईचे आयुष्य साधारण ५०० ते १,००० तासांचे असते. रोज तासभर ऐकल्यास दीड ते तीन वर्षांत ती बदलावी लागेल, म्हणून निवृत्तीनंतरच्या वार्षिक खर्चात तिची तरतूद ठेवावी. रेकॉर्डना पुढे किंमत येईल या आशेवर मात्र कोणतेही नियोजन करू नये.

या सात महिन्यांत रेकॉर्ड आडव्या थप्पीतून काढून उभ्या लावाव्यात आणि उन्हाळ्यात उन्हाच्या भिंतीपासून दूर ठेवाव्यात. अॅम्प्लिफायर जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावा. खरेदीच्या दिवशी आपलीच एक एलपी दुकानात नेऊन ऐकावी, आणि बदली सुई भारतात मिळते का व हमी येथील अधिकृत वितरकाची आहे का, हे बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.