वाचकांचे प्रश्न : राज्यांची तिजोरी आणि गरिबांचे औषधपाणी

अमेरिकेतील गरीब, अपंग आणि वृद्ध नागरिकांच्या उपचारांचा भार उचलणाऱ्या मेडिकेड योजनेविषयी आणि तिथल्या राज्यांच्या अर्थसंकल्पांविषयी वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले आहेत. त्यांपैकी चार प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मंदी आली की अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातील राज्येही गरिबांच्या आरोग्यावरील खर्चालाच आधी हात घालतात, असे वाचनात येते. संघीय सरकार निम्म्याहून अधिक पैसा देत असताना राज्यांना एवढी चणचण का भासते?

उत्तर : या अडचणीचे मूळ योजनेच्या रचनेतच आहे. ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्याने वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना संघीय सरकारकडे ठेवली आणि मेडिकेड मात्र संघीय सरकार व राज्ये यांनी भागीदारीत चालवावी असे ठरवले. कारभार राज्याने पाहायचा आणि नियमांची चौकट व खर्चाचा मोठा वाटा वॉशिंग्टनने द्यायचा, अशी ही वाटणी आहे. दरडोई उत्पन्न जास्त असलेल्या राज्यांना खर्चाच्या ५० टक्के रक्कम मिळते, तर मिसिसिपीसारख्या गरीब राज्याला ७५ टक्क्यांहून अधिक मिळते.

पेच आहे तो उरलेल्या वाट्याचा. संघीय सरकार कर्ज काढून तूट भरून काढू शकते. राज्यांना मात्र, व्हरमाँटचा अपवाद सोडला तर, कोणत्या ना कोणत्या स्वरूपात संतुलित अर्थसंकल्पाचे बंधन आहे. मंदीत लोकांच्या नोकऱ्या जातात, त्यामुळे प्राप्तिकर आणि विक्रीकराचे उत्पन्न घटते. नोकरीबरोबरच मालकाकडून मिळणारा आरोग्यविमाही जातो, त्यामुळे तीच कुटुंबे मेडिकेडच्या दाराशी येतात. म्हणजे ज्या वर्षी तिजोरीत खडखडाट असतो, नेमक्या त्याच वर्षी योजनेचा खर्च वाढतो. त्यातच संघीय वाटा आधीच्या तीन वर्षांच्या दरडोई उत्पन्नाच्या सरासरीवरून ठरत असल्यामुळे, आज अडचणीत आलेल्या राज्याला सुबत्तेच्या काळातील आकड्यांच्या आधारे मदत मिळते. गंगाजळी असते, पण मोठ्या मंदीत ती पुरत नाही.

आरोग्याला ‘आधी’ हात लागतो, हे मात्र सर्वस्वी खरे नाही. राज्ये स्वतःच्या उत्पन्नातून सर्वांत जास्त खर्च शालेय शिक्षणावर करतात आणि त्यानंतर मेडिकेडचा क्रम लागतो, म्हणून कात्री या दोहोंवर फिरते. तरीही मेडिकेडमधील कपात ही बचतीची सर्वांत तोट्याची वाट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यामागचे गणित सोपे आहे. ज्या राज्याला निम्मी रक्कम वॉशिंग्टनकडून मिळते, त्याला स्वतःचा एक डॉलर वाचवण्यासाठी दोन डॉलरच्या सेवा बंद कराव्या लागतात. वाटा ७५ टक्के असेल तर एका डॉलरच्या बचतीसाठी चार डॉलरच्या सेवा जातात. ‘ओबामाकेअर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २०१० च्या आरोग्यविमा कायद्यानुसार वाढीव उत्पन्नमर्यादेखाली समाविष्ट झालेल्या प्रौढांसाठी संघीय वाटा ९० टक्के आहे. तिथे तर एक डॉलर वाचवताना दहा डॉलरच्या उपचारांवर पाणी सोडावे लागते. हा पैसा रुग्णालयांत, दवाखान्यांत आणि शुश्रूषागृहांत पगार म्हणून खर्च होत असतो. तो थांबला की राज्याच्या अर्थव्यवस्थेतून मागणी आणखी कमी होते, आणि तीही मंदीच्या ऐन भरात.

यावरचा उपायही अनुभवाने सिद्ध झालेला आहे. २००९ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये अमेरिकी संसदेने राज्यांचा संघीय वाटा तात्पुरता वाढवला. दोन्ही वेळा मूळ वाढ ६.२ टक्के गुणांची होती. परंतु दरवेळी नवा कायदा व्हावा लागतो, तो कधी आणि किती काळासाठी होईल याची राज्यांना खात्री नसते, आणि तोवर कपातीचे निर्णय होऊन गेलेले असतात. बेरोजगारी वाढताच हा वाटा आपोआप वाढावा, अशा स्वरूपाचे सूत्र संसदेच्याच लेखापरीक्षण संस्थेने २०११ मध्ये मांडले होते. ते कायद्यात आले नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

प्रश्न : कपात अटळच असेल, तर अत्यावश्यक सेवा राखून केवळ ऐच्छिक सेवा कमी करणे योग्य ठरणार नाही का?

उत्तर : सूचना रास्त वाटते, पण कायद्यातील वर्गवारी आणि रुग्णाची गरज यांचा मेळ बसत नाही. संघीय नियमांनुसार रुग्णालयातील उपचार, डॉक्टरांची सेवा आणि शुश्रूषागृहातील निवास राज्यांना द्यावाच लागतो. परंतु डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे, प्रौढांचे दंतोपचार आणि अपंग वा वृद्ध व्यक्तीला घरी राहून मिळणारी बहुतेक मदत ऐच्छिक गणली जाते. औषधांवाचून उपचार होत नाहीत, म्हणून सर्वच राज्ये ती देतात. घरी मिळणारी मदत थांबवली, तर तीच व्यक्ती अधिक खर्चाच्या शुश्रूषागृहात जाते आणि तिथला खर्च नाकारण्याची मुभा राज्याला नसते. या योजनेतील वृद्ध आणि अपंग लाभार्थी एकूण संख्येच्या पाव हिश्श्याहूनही कमी आहेत, पण खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग त्यांच्यासाठी होतो, हे लक्षात घेतले की इथली चूक किती महाग पडते ते कळते.

कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये प्रौढांचे बहुतेक दंतोपचार बंद केले. त्यानंतर दातांच्या तक्रारी घेऊन रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागात येणाऱ्या रुग्णांची संख्या वाढली. या विभागात वेदना कमी करता येते, पण किडलेल्या दातावर कायमचा इलाज बहुधा होत नाही. राज्याने ही सेवा २०१४ मध्ये अंशतः आणि २०१८ मध्ये पूर्णपणे पुन्हा सुरू केली. ॲरिझोनाने ऑक्टोबर २०१० मध्ये काही प्रकारच्या अवयव प्रत्यारोपणांचा खर्च देणे थांबवले. प्रतीक्षायादीतील रुग्णांच्या मृत्यूंमुळे देशभर संताप उसळल्यानंतर, एप्रिल २०११ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला.

अशा कपातीची निदान चर्चा होते. त्याहून घातक, पण गाजावाजा न होणारी कपात म्हणजे डॉक्टरांना आणि रुग्णालयांना दिल्या जाणाऱ्या दरांतील घट. एकाही नागरिकाचे नाव यादीतून जात नाही, एकही सेवा कागदावर बंद होत नाही. फक्त मेडिकेडचे रुग्ण घेणारे डॉक्टर कमी होतात आणि भेटीची वेळ मिळेनाशी होते. रुग्णांना पुरेसे डॉक्टर उपलब्ध होतील इतके दर ठेवावेत, असे कायदा सांगतो; पण त्या तरतुदीच्या आधारे सेवा देणाऱ्या संस्थांना राज्याविरुद्ध दावा लावता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने आयडाहोच्या प्रकरणात २०१५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला.

प्रश्न : एवढा पैसा खर्च करून लोकांचे आरोग्य खरोखर सुधारते का?

उत्तर : याचे उत्तर देण्याची दुर्मीळ संधी ओरेगॉनने २००८ मध्ये दिली. राज्याकडे थोड्याच प्रौढांना सामावून घेण्याइतका पैसा होता आणि सुमारे ९० हजार लोकांनी नावे दिली, म्हणून सोडत काढण्यात आली. निवड निव्वळ योगायोगाने झाल्यामुळे संशोधकांना दोन गटांची निर्दोष तुलना करता आली. विमा मिळालेल्यांमध्ये दोन वर्षांत नैराश्य कमी झाले, मधुमेहाचे निदान वाढले आणि उपचारांच्या खर्चापायी होणारी आर्थिक ओढाताण पुष्कळच घटली. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांत मात्र ठोस म्हणावा असा फरक आढळला नाही. दोन्ही बाजूंचे लोक यातील सोयीचा भाग तेवढा उचलतात. माझ्या मते आजारपणामुळे कुटुंब कर्जबाजारी न होणे हेदेखील आरोग्यविम्याचे मुख्य कामच आहे, आणि ते या योजनेने निःसंशय केले.

प्रश्न : २०२५ मध्ये अमेरिकेत झालेल्या नव्या कायद्यामुळे राज्यांवर कोणता ताण येईल?

उत्तर : ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या या कायद्यातील दोन तरतुदी राज्यांना थेट भिडतात. पहिली तरतूद पैशाची आहे. अलास्का वगळता सर्व राज्ये रुग्णालये किंवा शुश्रूषागृहांवर विशेष कर लावून आपल्या वाट्याचा काही भाग उभा करतात, आणि हा कर आजवर त्या संस्थांच्या उत्पन्नाच्या सहा टक्क्यांपर्यंत चालत असे. २०१० च्या कायद्यानुसार योजना विस्तारलेल्या राज्यांत ही मर्यादा २०२८ पासून दरवर्षी अर्ध्या टक्क्याने उतरत २०३२ मध्ये साडेतीन टक्क्यांवर येईल. शुश्रूषागृहांना यातून वगळले आहे. ती रक्कम अन्य करांतून आणणे किंवा सेवा कमी करणे, एवढेच पर्याय त्या राज्यांपुढे राहतील.

दुसरी तरतूद कामाच्या अटीची आहे. विस्तारित गटातील प्रौढांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केल्याचे, अथवा आपण या अटीतून वगळलेले असल्याचे दाखवावे लागेल. आर्कान्सासने २०१८ मध्ये अशी अट लावली, तेव्हा काही महिन्यांत सुमारे १८ हजार लोकांचे संरक्षण गेले आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ती थांबवली. करोनाकाळात स्थगित असलेली पात्रतेची फेरतपासणी २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हाही अडीच कोटींहून अधिक लोक यादीबाहेर गेले, आणि त्यांतील बहुसंख्य अपात्र ठरल्यामुळे नव्हे, तर अर्ज वेळेवर न पोहोचणे, कागद अपुरे असणे अशा कारणांनी वगळले गेले.

म्हणून आता सर्वाधिक फरक पडेल तो राज्यांच्या कार्यालयीन व्यवस्थेमुळे. वेतनाची आणि कराची जी माहिती सरकारी नोंदींत आधीच असते, तिच्यावरूनच पडताळणी करण्याची सोय ज्या राज्यांत होईल, तिथे काम करणाऱ्या माणसाला दर वेळी पुरावे गोळा करत बसावे लागणार नाही. त्यासाठी संगणकप्रणाली आणि प्रशिक्षित कर्मचारी यांवर आधी पैसा घालावा लागेल, आणि तंगीच्या वर्षी नेमकी हीच तरतूद पुढे ढकलली जाते. ती ढकलू नये, असे त्या राज्यांच्या विधिमंडळांना सांगावेसे वाटते.